लिंबू. सा. परत.

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. पहाटे ५.०५

आजपासून रोजनिशी. वही स्टोअरमधली आहे. कंपनीला नको होती. विचारलं नाही, पण नको होती.

कारण लिहून ठेवतो. मागच्या शुक्रवारी उपासनेनंतर जयेश पगारेने बाजूला घेतलं. जयेश आमच्या चर्चच्या मराठी मंडळीचा खजिनदार. म्हणाला, शिरीषभाऊ, रागावू नका, पण सतरा नंबरचं पाकीट मागच्या नोव्हेंबरपासून आलेलं नाही. सतरा नंबर आमचा. दशांशाचं पाकीट. मी म्हणालो, ते बँकेतून आपोआप जातं. तो म्हणाला, आपोआप म्हणजे हेमावहिनी आणून द्यायच्या.

हेमाला जाऊन दहा महिने झाले. २५ नोव्हेंबरला वर्ष होईल.

जयेशची नोंद चुकली असणार. बँकेत विचारतो.

४ ऑक्टोबर, शनिवार

बँकेत विचारलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, असं काही मफी. मुंबईची होती, तरी इथल्या बहरीनच्या अरबीत मफी म्हणाली, म्हणजे नाही.

म्हणजे अकरा महिन्यांचा दशांश बाकी. पगार चारशे साठ, दहावा भाग सेहेचाळीस, गुणिले अकरा. पाचशे सहा दिनार. दिला नाही म्हणजे ते शिल्लक असायला हवेत. शिल्लक नाहीत. कुठे गेले हे शोधायला लागेल. घरात तीन इलेक्ट्रिक किटल्या आहेत, एवढं दिसलं.

घाबरण्यासारखं काही नाही. कारभार मला नवा नाही. हेमा मला कारभारीच म्हणायची. तिच्या माहेरी, राहुरीकडे, नवऱ्याला तसंच म्हणतात, पण ती मनापासून म्हणायची. पगार झाला की, कारभारी, आणा इकडं. मी आणून द्यायचो. सत्तावीस वर्षं कारभार असा सुरळीत चालला. आता फक्त तो कागदावर आणायचा आहे.

ठराव:
- बाहेरचं जेवण बंद.
- टॅक्सी बंद.
- दर महिन्याला चालू दशांश अधिक बाकीचे शंभर. मार्चपर्यंत खलास.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कंपनीच्या बसमधून सित्र्याहून येताना दोन स्टॉप आधी उतरलो. चालण्याने मन शांत राहतं असं वाचलं होतं. अजून ऊन फार आहे. निम्म्यात टॅक्सी केली. टॅक्सी बंदचा ठराव घरून निघतानासाठी होता, येतानासाठी नव्हता. तसं स्पष्ट लिहायला हवं होतं.

जेवण बाहेर. गॅसचा सिलिंडर संपला आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

महत्त्वाची गोष्ट. २८ नोव्हेंबरला मंडळीत वचनपत्रं भरायची असतात, पुढच्या वर्षी कोण किती देणार त्याची. त्या दिवशी एकाने ‘विश्वासू कारभारी’ या विषयावर दहा मिनिटं साक्ष द्यायची. यंदा माझं नाव. जयेशने विचारलं आणि मी नाही म्हणायच्या आत लिहून घेतलं.

मी आजवर मंडळीत उभा राहून फक्त एकदा बोललो आहे. पंखा बंद करा, असं. पण विषय माझाच आहे. मी चौदा वर्षं स्टोअर सांभाळतो. दुसऱ्याचा माल, आपल्या ताब्यात, एक बोल्ट इकडचा तिकडे नाही. कारभारीपण म्हणजे हेच. बायबलमधल्या दृष्टांतापासूनच सुरुवात करता येईल. धनी परगावी जाताना चाकरांकडे पैसे देतो, दोघे वाढवतात, तिसरा जमिनीत पुरून ठेवतो. तिसऱ्यावर कडक बोलणार.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. रात्री १०

दुपारी झोप आली नाही, म्हणून स्वयंपाकघरातलं कपाट काढलं. हे तिसऱ्यांदा. पहिल्या दोन वेळी मांडणी बरोबर होती, पण आता जास्त बरोबर आहे.

हेमा सगळ्या डब्यांना चिकटपट्टी लावायची आणि थोडक्यात लिहायची. स्टोअरची शिस्त तिने माझ्याकडून घेतली असं माझं मत आहे. ‘डाळ. जु.’ म्हणजे जुनी. ‘पापड. उ.’ म्हणजे उडीद. मला सगळं वाचता येतं. दुसऱ्या माणसाला जमलं नसतं.

सर्वांत मागे लोणच्याची बरणी. काचेची, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, गच्च भरलेली. तिच्या शेवटच्या आठवड्यातली. त्यानंतर ती नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होती. पट्टीवर तिचं अक्षर: लिंबू. सा. परत.

पट्टीवरची धूळ पुसली.

सोपं आहे. लिंबू, साखर परत. म्हणजे साखर परत एकदा घालायची. मुरत आलं की घालतात. उघडलं नाही. घरातल्या बाकी सगळ्या गोष्टी तिने विकत आणलेल्या. तिच्या हातची अशी ही एकच राहिली आहे. २५ नोव्हेंबरला उघडायची. मुलगी अनुष्काला व्हिडिओवर घेऊन. तिला पुण्याहून येता येणार नाही, परीक्षा आहे.

संध्याकाळी शेजारच्या सायरावहिनी आल्या होत्या. त्या आणि त्यांचा नवरा ओवैस चिपळूणचे, समोरच्याच फ्लॅटमध्ये. डब्यात मटण. दारातूनच बोललो. जाता जाता म्हणाल्या, भाऊ, ती लोणच्याची बरणी आहे का हो अजून हेमाताईंची, की संपली? मी म्हणालो, आहे. त्या म्हणाल्या, असू दे असू दे, घाई नाही.

कसली घाई? लोणच्यावर डोळा दिसतो. बरणी वरच्या फळीवर हलवली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

साक्षीची चार पानं झाली. तिसऱ्या चाकराला अर्धं पान.

या महिन्याचा दशांश पुढच्या महिन्यात देणार. पगार झाला, पण घरभाडं आणि अनुष्काची फी एकदम आली. या दोन्ही गोष्टी दर महिन्याला येतात असं जयेश म्हणाला. त्याला मुलगी नाही.

अनुष्काचा फोन. Baba, are you eating? मी म्हणालो, हो, अगदी बजेटमध्ये. काय खाल्लं ते विचारलं नाही, बरं झालं.

आमच्या उम्म अल हस्सम भागाची प्रत्येक गल्ली या महिन्यात पायाखालून गेली. रोज संध्याकाळी. कोल्ड स्टोअरवाला, म्हणजे किराणावाला, उस्मान आता मला पाहिला की विचारतो, भाईसाब, कुछ खो गया क्या?

९ नोव्हेंबर, रविवार

शुक्रवारी सुगीचा सण. बहरीनमध्ये सुगी कसली, पण गावी हंगामाचं पहिलं धान्य अर्पण करायचे, ती रीत इथेही चालू आहे. प्रत्येकाने घरातून काहीतरी आणायचं, त्याचा लिलाव, पैसे देवाच्या कामाला.

मी याचा फायदा घेऊन घर हलकं करणार. दोन खोकी केली. एका खोक्यात अर्पणाचं: दोन किटल्या, न वापरलेली इस्त्री, चार कप. दुसऱ्यात अनुष्कासाठी ठेवायचं: हेमाच्या दोन साड्या, तिचं गीतांचं पुस्तक, आणि लोणच्याची बरणी, म्हणजे फळीवरून पडायची भीती नको. दोन्हींवर पट्टी लावली. अर्पणासाठी ‘अ.’ अनुष्कासाठी ‘अ.’

थोडक्यात लिहिलं की गोंधळ होत नाही.

सुगीसाठी बजेट: पाच दिनार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ६

जे झालं ते क्रमाने लिहितो.

मी सकाळी आवरत होतो तेव्हा जयेश गाडी घेऊन सामान न्यायला आला. मी आतून ओरडलो, दाराजवळ आहे, अ लिहिलेलं. त्याने दाराजवळचं उचललं.

हॉलमध्ये पोचलो तर टेबलावर अंडी, खजूर, एक भोपळा, शिवांगीचा केक, आणि हेमाची बरणी. साड्या आणि गीतांचं पुस्तक शिवांगीने ओळखून बाजूला ठेवलं होतं. शिवांगी जयेशची बायको. म्हणाली, हे चुकून आलं असेल ना? बरणीबद्दल मात्र तिला वाटलं की मी मुद्दाम दिली. तिने पाळकसाहेबांना सांगितलं. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत सांगितलं. आपल्या शिरीषबंधूंनी जे सर्वांत प्रिय, तेच आणलं. सगळी मंडळी मागे वळून बघायला लागली. 

तेव्हा एकच मार्ग. विकत घ्यायची.

लिलाव जयेश करतो. हेमावहिनींच्या हातचं लोणचं, असं त्याने म्हटलं. मी स्वस्तात सुटेल म्हणून दोन दिनार म्हणालो. हसले सगळे. जयेश माइकवर म्हणाला, भाऊ, दिलेलं दान परत घेता काय? मग चिराग उठला. बँकेतला नवीन मुलगा, एकटा राहतो. म्हणाला, आंटींनी मला इथे पहिल्यांदा जेवायला घातलं, पाच. त्यावर शिवांगी सहा. मागून कुणीतरी आठ. सगळे हेमाच्या प्रेमाने बोलत होते, आणि प्रत्येक वेळी मला महाग पडत होतं. चौदाला मला मिळाली.

मी पुढे गेलो. जयेशने बरणी हातात धरून विचारलं, परत?

मी म्हणालो, हो, परत. परत द्या, अशा अर्थाने. दुसरा कोणता अर्थ होतो?

टाळ्या पडल्या. पाळकसाहेब उभे राहिले. तेव्हा शिवांगीने कानात सांगितलं, रीत अशी की घेणाऱ्याने मन मोठं करून वस्तू पुन्हा देवाला द्यायची, मग तिचा परत लिलाव. मागे एक भोपळा चार वेळा विकला गेला. मला हे आजवर माहीत नव्हतं. लिलावाच्या वेळी मी नेहमी बाहेर गाडीजवळ उभा असायचो. आत हेमा असायची.

चौदा गेले. पुन्हा पहिल्यापासून. चिरागला आता चेव आला होता. अंकल देतायत तर मी पण देणार. वीस. बावीस. सत्तावीस. मी एकतीस म्हणालो तेव्हा माझा आवाज चिरका निघाला. चिराग बसला. जयेशने पुन्हा विचारलं, परत?

मी म्हणालो, खलास.

फार मोठ्याने म्हणालो. एक लहान मूल रडायला लागलं. बरणी घेतली आणि चालत निघालो. टॅक्सीचे पैसे नव्हते.

एकूण पंचेचाळीस दिनार. बजेटपेक्षा चाळीस जास्त. पण बरणी घरी आहे. आत्ता समोर आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जयेशला फोन केला की हे पंचेचाळीस दशांशाच्या बाकीतून वजा करावेत. म्हणाला, शिरीषभाऊ, सुगी वेगळी आणि दशांश वेगळा. खजिनदार असा नसावा.

चिरागचा मेसेज: अंकल, थोडं चाखायला मिळेल का? उत्तर दिलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

पट्टी पुन्हा वाचली. वर्ष होत आलं, म्हणजे साखरेची वेळ हीच. हेमाने काम सांगून ठेवलंय आणि मी ते न करता बरणी नुसती जपत बसलोय. विश्वासू कारभारी असा नसतो. फडकं सोडलं, चार चमचे साखर घातली, पुन्हा बांधलं. चव बघितली नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आणखी चार चमचे. तिने किती ते लिहिलं नव्हतं.

साक्ष अकरा पानं झाली. दहा मिनिटांत बसत नाही. तिसरा चाकर कमी करावा लागेल, पण त्याच्यावरच चांगलं लिहून झालंय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी ४

सुट्टी घेतली. सकाळी कबरस्तानात जाऊन आलो. फुलं ठेवली. तिथे पाच मिनिटांपेक्षा जास्त उभं राहवत नाही, काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं. घरी येऊन गॅस बघितला. बंद होता.

सायरावहिनी आणि ओवैसला जेवायला बोलावलं. वर्षभर डबे दिले त्यांनी, म्हणून मन मोठं केलं. वरण-भात मी केला. मग बरणी आणली. फोनवर अनुष्का. सगळ्यांसमोर फडकं सोडलं आणि म्हणालो, हेमाच्या हातचं.

पहिली फोड मी घेतली. ही चव मी हजारात ओळखेन. हेमाची चव. दुसरी घेतली.

ओवैसने खाल्लं आणि म्हणाला, अगं सायरा, हे तर. मग एकदम थांबला. टेबलाखाली काहीतरी झालं असावं, कारण तो पाय चोळत होता. सायरावहिनींनी अर्धी फोड खाल्ली. म्हणाल्या, छान मुरलंय हो. फक्त साखर जरा जास्त झालीय, भाऊ. साखर पडायला नको होती.

मला राग आला. बाईला जाऊन वर्ष झालं आणि तिच्या लोणच्याला नावं ठेवायची, तीही तिच्याच घरात. मी म्हणालो, हेमाची पद्धतच ती. त्या म्हणाल्या, असेल, असेल. अनुष्का फोनवर काहीच बोलत नव्हती. नेटवर्क.

२६ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ५.३०

अनुष्काला फोन केला. सायरावहिनींची तक्रार सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, Baba, Aai never made pickle. मी म्हणालो, काहीतरीच. ती म्हणाली, लिंबू चिरायचा तिला कंटाळा होता. Every year Saira maushi gave it. बरणी पण त्यांचीच. You really didn’t know?

मी म्हणालो, माहीत होतं.

फोन ठेवला आणि पट्टी वाचली. लिंबू. सा. परत.

सायराला परत.

चौदा वर्षं लेबलं वाचतो.

२६ नोव्हेंबर. संध्याकाळी ७

आज स्टोअरमध्ये तीन बेअरिंग चुकीच्या खणात ठेवल्या.

घरी येऊन बरणी रिकामी केली. लोणचं डब्यात काढलं, अर्धं चिरागसाठी. दुसऱ्याची वस्तू परत करायची तर स्वच्छ करून द्यायची. गरम पाणी, साबण, ब्रश. आतून, बाहेरून. चकाचक केली. उजेडात धरून बघितली, कुठे डाग नाही.

मग लक्षात आलं की पट्टीही निघून गेली. सिंकच्या जाळीत लगदा होता. शाई राहिली नव्हती.

त्या बरणीत हेमाचं तेवढंच होतं.

जाळी साफ केली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रिकामं भांडं परत करू नये एवढं मला माहीत आहे. कोल्ड स्टोअरमधून दोन किलो साखर आणून बरणी गळ्यापर्यंत भरली. उस्मान म्हणाला, भाईसाब, शादी है क्या?

समोरची बेल वाजवली. सायरावहिनींनी बरणी बघितली, साखर बघितली, आणि तोंडावर ओढणी धरली. हसत होत्या की रडत होत्या, नक्की सांगता येत नाही. म्हणाल्या, अहो भाऊ, परतीच्या भांड्यात चिमूटभर घालतात, शास्त्रापुरती. हेमाताई पण चिमूटच घालायच्या आणि वर म्हणायच्या, आमच्या कारभाऱ्यांना सांगू नका, त्यांना मी केलेलं म्हणून खायला आवडतं.

मी म्हणालो, मला संशय होताच.

बसा म्हणाल्या. बसलो. वर्षभरात पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत गेलो. चहा झाला. ओवैस म्हणाला, शिरीषभाई, लिलावात पंचेचाळीसला गेलं म्हणतात, आम्हाला सांगायचं ना, वीसमध्ये पिंप भरून दिलं असतं. वहिनींनी पुन्हा टेबलाखाली काहीतरी केलं.

निघताना हातात एक बरणी दिली. यंदाचं घातलेलं आहे, तीन महिने हात लावू नका. आणि साखर घालू नका.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ३

साक्ष झाली. खिशात चौदा पानं होती. उभा राहिलो, पहिलं पान उघडलं. ‘धन्याने आपल्याला काय दिलं आहे हे ज्याला नीट माहीत असतं’ असं पहिलं वाक्य होतं. ते वाचता आलं नाही. पानं घडी करून ठेवली.

म्हणालो, आमच्या घरात एक बरणी होती. वर्षभर मी ती आमची समजत होतो. जपून ठेवली होती. ती आमची नव्हती. काल परत केली.

बसलो. पाऊण मिनिट झालं असेल.

 मग मागून आमेन आलं, मग सगळीकडून. शिवांगी डोळे पुसत होती. पाळकसाहेबांनी दोन्ही हात धरले आणि म्हणाले, हेमाबाईंविषयी इतक्या थोडक्यात कुणी बोललं नसतं. मी म्हणालो, मी बरणीबद्दल बोलत होतो. ते म्हणाले, हो, हो.

वचनपत्र भरलं. दहावा भाग लिहिला, खोडला, वीस दिनार लिहिले. ते मात्र होतील. ऑक्टोबर-नोव्हेंबर धरून मागची बाकी आता पाचशे अठ्ठ्याण्णव. जयेश म्हणाला, होईल हो भाऊ, हळूहळू. पाकीट नंबर सतरा नवीन दिलं. त्यात वीस घालून तिथेच त्याच्या हातात दिलं, घरी नेलं नाही.

चिरागला डबा दिला. तिथेच उघडून खाल्लं. म्हणाला, अंकल, सेम आंटींच्या हातची चव.

घरी येऊन नवीन बरणी पुढच्या फळीवर ठेवली. चिकटपट्टी कापली. लिहिलं: लिंबू. सायरावहिनींना परत. पूर्ण लिहिलं. अक्षर हेमासारखं नाही, पण वाचता येतं.